संगणकाला दम लागतो तेव्हा

सोमवारी आमच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. रविवारची साचलेली गर्दी, आणि त्यात आजूबाजूच्या तालुक्यांतून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका सोमवारी माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना, आणि आता चार पायऱ्या चढल्या की दम लागतो ही नवी तक्रार. त्यांचे मागचे रक्ताचे रिपोर्ट मला पडद्यावर पाहायचे होते. नावावर क्लिक केलं आणि ते ओळखीचं गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. आजींना दोनची एसटी गाठायची होती. ती चुकली की पुढची थेट साडेपाचला. बाहेरची रांग दाराच्या आत यायला लागली होती. आजी थोडा वेळ त्या चक्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, तुमच्या मशीनलाबी माझ्यावानी दम लागतोय जणू.”

रांगेतली दोन-चार माणसं हसली. मीही हसलो. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात मी एका कागदावर सही करून बसलो होतो. विभागातले संगणक जुने झाले आहेत, अतिशय मंद चालतात, सबब बारा नवे संगणक मिळावेत, असा तो प्रस्ताव. ज्या निधीतून ते यायचे, त्याच निधीच्या यादीत खाली श्वासाची तपासणी करणारं स्पायरोमीटर होतं आणि पैसे दोन्हींना पुरणारे नव्हते. दम लागणारा माणूस समोर आला तर मी त्याला लगेच ‘हृदय बदला’ असं सांगत नाही. दम हृदयामुळे आहे, फुप्फुसामुळे आहे, अंगात रक्त कमी आहे की नुसतं वजन वाढलंय, हे आधी शोधतो. इथे मात्र एकही तपासणी न करता मी बारा हृदयं बदलायला निघालो होतो.

संध्याकाळचा राउंड संपल्यावर हे मी आमच्या एका निवासी डॉक्टरला बोलून दाखवलं. ही मुलगी म्हणजे संगणकाच्या बाबतीत आमच्या सगळ्यांची डॉक्टर. ती म्हणाली, “सर, प्रोसेसरची टेस्ट ब्राउझरमध्येच घेता येते. काही इन्स्टॉल करावं लागत नाही.” यातलं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. सरकारी संगणकावर आपल्या मनाने एखादा प्रोग्रॅम टाकायची परवानगी नसते, आणि ती नसावीच. ब्राउझर मात्र प्रत्येक संगणकावर असतोच. ज्या खिडकीतून आपण बातम्या वाचतो, रेल्वेचं तिकीट काढतो, त्याच खिडकीत एक पान उघडायचं, एक बटण दाबायचं आणि दोन-तीन मिनिटांनी एक आकडा घ्यायचा.

आकडा म्हटलं की डॉक्टर सावध होतो. तो कशाचा, कसा मोजला, कोणत्या अवस्थेत मोजला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. म्हणून मी ही तपासणी आधी समजून घ्यायचं ठरवलं, आणि समजून घेताना लक्षात आलं की ही तर आपली टीएमटी आहे.

ट्रेडमिलवर चालवून हृदयाचा ईसीजी काढण्याची जी तपासणी आपण करतो, तिची आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची. १९६३ साली ती रूढ झाली. पहिल्या टप्प्यात पट्टा ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर चालतो. मग दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात. यामागचा विचार साधा आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचा ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो आणि तरी त्याच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असू शकतो. हृदय कसं आहे हे पाहायचं तर त्याला काम लावायला हवं. आणि ते काम सगळ्यांना सारखं असायला हवं, म्हणजे या माणसाची त्या माणसाशी आणि आजची गेल्या वर्षीशी तुलना करता येते.

प्रोसेसरचंही तसंच. खोक्यावर छापलेला गिगाहर्ट्झचा आकडा म्हणजे नाडीचे ठोके. ठोके जास्त म्हणून माणूस तंदुरुस्त ठरत नाही. ठरावीक काम द्यायचं आणि ते किती वेळात होतं ते पाहायचं, ही पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९७२ साली ‘व्हेटस्टोन’ नावाची चाचणी तयार झाली. ज्या गावात तिच्याआधीचं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं होतं त्या गावाचं ते नाव. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘ओला दगड’ असा ऐकू येतो, म्हणून १९८४ साली पुढची चाचणी आली तेव्हा तिचं नाव ‘ड्राइस्टोन’, म्हणजे कोरडा दगड, असं ठेवलं गेलं. संगणकवाल्यांचे विनोद हे असे असतात! महासंगणकांची क्रमवारी लावण्यासाठी ‘लिनपॅक’ नावाची गणितं सोडवायला दिली जातात. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३वा आला तो याच कसोटीवर.

ब्राउझरमधली चाचणी मात्र थोडी वेगळी आहे, कारण तिथे प्रोसेसर आणि काम यांच्यामध्ये एक दुभाषा उभा असतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी गडचिरोलीकडे होतो. काही रुग्ण फक्त गोंडी बोलायचे. आमच्या दवाखान्यातले एक मामा दुभाष्याचं काम करत. मी म्हणायचो, कुठे दुखतंय विचारा, ते विचारायचे, रुग्ण सांगायचा, ते मला मराठीत सांगायचे. एका रुग्णाला तिप्पट वेळ लागायचा. महिनाभरात मात्र नेहमीचे दहा-बारा प्रश्न मला स्वतःलाच गोंडीत विचारता यायला लागले. मग मामांची गरज फक्त नव्या, वेगळ्या तक्रारीपुरती उरली.

वेबपानांची भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ती १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. प्रोसेसरला ती कळत नाही. त्याला फक्त त्याची स्वतःची यंत्रभाषा कळते. ब्राउझरच्या पोटातलं इंजिन हा तो दुभाषा. सुरुवातीची इंजिनं प्रत्येक ओळ प्रत्येक वेळी नव्याने समजावून सांगायची. २००८च्या सुमारास चित्र बदललं. त्या वर्षी क्रोम आला, त्यात व्ही-८ नावाचं इंजिन होतं, आणि इतर ब्राउझरही त्याच वाटेने गेले. प्रोग्रॅमचा जो भाग पुन्हा पुन्हा चालतो तो ही इंजिनं चालता चालताच यंत्रभाषेत उतरवून ठेवतात. पुढच्या वेळी दुभाष्याला मध्ये यावं लागत नाही. म्हणून ब्राउझरमधल्या कामाची पहिली फेरी हळू आणि दहावी फेरी झपाट्याने होते. २०१७पासून प्रमुख ब्राउझरमध्ये ‘वेबअसेंब्ली’ नावाची आणखी एक सोय आली आहे. तीत मजकूर यंत्रभाषेच्या बराच जवळ नेलेल्या रूपातच येतो आणि दुभाष्याचे कष्ट वाचतात.

याचा अर्थ असा, की ब्राउझरमध्ये मिळालेला आकडा एकट्या प्रोसेसरचा कधीच नसतो. तो प्रोसेसर आणि इंजिन या जोडीचा असतो. धावपटू आणि त्याचे बूट यांची वेळ एकत्रच मोजली जाते. दोन धावपटूंची तुलना करायची तर बूट सारखे हवेत, आणि बुटांची करायची तर धावपटू एकच हवा. एकाच संगणकावर दोन वेगळे ब्राउझर वेगळे आकडे देतात. त्यामुळे ‘माझ्या लॅपटॉपचा स्कोअर तुझ्यापेक्षा जास्त’ असं म्हणणाऱ्याला आधी ब्राउझर कोणता आणि कितव्या आवृत्तीचा, हे विचारावं. आयफोनवर मात्र वर नाव कुठलंही असलं तरी जवळजवळ सगळ्या ब्राउझरच्या आत ॲपलचं वेबकिट हेच इंजिन असतं, म्हणून तिथे हा फरक फारसा दिसत नाही.

आम्ही निवडलेल्या चाचणीचं नाव ‘स्पीडोमीटर’. वेबकिटच्या लोकांनी ती २०१४ साली काढली; तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये आली आणि ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी मिळून बनवलेली आहे. ती काय करते? कामांची एक यादी उघडते, तीत शंभर कामं लिहिते, मग एकेक करून ती ‘झालं’ अशी खूण करते आणि पुसून टाकते. हेच काम वेगवेगळ्या पद्धतींनी बांधलेल्या पानांवर करते. शिवाय आलेख काढते, मजकूर संपादित करते, बातम्यांच्या पानासारख्या पानावर हिंडते. म्हणजे माणूस ब्राउझरमध्ये जे करतो तेच, फक्त कुठल्याही माणसाला जमणार नाही इतक्या वेगाने. पडद्यावर ते नुसतं लुकलुकताना दिसतं. आमच्या वॉर्डातल्या मावशी ते पाहून म्हणाल्या, “ह्याला फिट आली का काय?”

दुसरी एक चाचणी आहे, ‘जेटस्ट्रीम’. तिची दुसरी आवृत्ती २०१९ची. तीत ६४ उपचाचण्या आहेत आणि त्यांत खरीखुरी जड आकडेमोड असते. मला तिच्यातली एक गोष्ट फार आवडली. जावास्क्रिप्टच्या अनेक उपचाचण्यांत ती तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजते: पहिल्या फेरीला किती वेळ लागला, सर्वांत वाईट फेऱ्यांना किती लागला आणि सरासरी किती लागला. आम्हीही रुग्णाची सरासरी साखर पाहून थांबत नाही. सरासरी ठीक असणाऱ्या माणसाची साखर रात्री तीन वाजता धोकादायक इतकी खाली जात असेल, तर ते वेगळं शोधावं लागतं. संगणक सरासरीने वेगवान असूनही मध्येच अर्धा सेकंद अडखळत असेल, तर वापरणाऱ्याच्या लक्षात राहतं ते अडखळणंच.

सगळ्या उपचाचण्यांचा मिळून एकच आकडा काढताना या चाचण्या साधी सरासरी घेत नाहीत, गुणोत्तर सरासरी घेतात. समजा एका कामात १०० गुण आणि दुसऱ्यात ४. साधी सरासरी ५२, म्हणजे पास. गुणोत्तर सरासरीत दोन्हींचा गुणाकार करून, ४००चं वर्गमूळ, म्हणजे २०. एका विषयात दिवे लावून दुसऱ्यातली बोंब झाकता येत नाही.

आता आमच्या ओपीडीकडे वळू. जेवणाच्या सुट्टीनंतर, संगणक अर्धा-पाऊण तास शांत पडून राहिलेला असताना, माझ्या टेबलावरच्या यंत्रावर आम्ही पहिली फेरी घेतली. ७.९. लगेच दुसरी घेतली. ६.१. तिसरी, ४.८. आमची निवासी डॉक्टर म्हणाली, चाचणीच बरोबर नसेल. मी म्हटलं, शेजारच्या खोलीतला संगणक याच्याच बरोबर घेतलेला, याच कंपनीचा, हेच मॉडेल. जुळा भाऊ. त्याच्यावर घेऊ. तिथे आले ८.२, ८.१ आणि पुन्हा ८.२.

जुळ्या भावांपैकी एक तीन मजले चढून गप्पा मारतोय आणि दुसरा पहिल्याच मजल्यावर भिंतीला टेकलाय! पहिल्या फेरीत दोघे जवळपास सारखे, म्हणजे मूळ ताकद तीच. फरक पडतोय तो काम चालू राहिल्यावर. माझ्या पेशातला माणूस हा आलेख ओळखतो. सुरुवातीला ठीक आणि श्रम वाढले की घसरण, म्हणजे पुरवठ्यात किंवा निचऱ्यात कुठेतरी अडथळा आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत निचरा उष्णतेचा. काम वाढलं की तो तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांची एक जाळी आणि तिच्यावर पंखा असतो. ते ही उष्णता बाहेर टाकतात. ती बाहेर पडली नाही आणि तापमान ठरलेल्या मर्यादेला पोचलं (अनेक प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते), की प्रोसेसर जळून जाऊ नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. हा बिघाड नाही, हे संरक्षण आहे. उन्हात नांगर धरलेला शहाणा शेतकरी झाडाखाली बसतो, तसंच.

आमच्या इलेक्ट्रिशियन मामांनी खोकं भिंतीपासून ओढलं. मागच्या जाळीला जुन्या एक्स-रेची दोन पाकिटं चिकटून बसली होती. आत पंख्यावर धुळीचा नमदा. चहाच्या गाळणीत साचतो तसा, बोटाने उचलून काढता येईल इतका जाड. अकरा वर्षांची ओपीडीतली धूळ. मामांनी ब्रश आणि ब्लोअरने ती काढली, जाळीखालचा वाळून गेलेला उष्णतावाहक लेप नवा लावला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तशाच विश्रांतीनंतर तीन फेऱ्या घेतल्या. ८.०, ८.१, ८.०. खर्च, लेपाच्या एका छोट्या ट्यूबचा.

मग आम्हाला चढच आला. दोन दुपारी बसून बाराही संगणक तपासले. प्रत्येकी तीन फेऱ्या, एकच ब्राउझर, एकच आवृत्ती. रक्त तपासायला येताना उपाशीपोटी या असं आपण सांगतो. तसे इथलेही काही नियम पाळले. बाकीच्या सगळ्या टॅब बंद. ब्राउझरला जोडलेली जास्तीची उपकरणं, म्हणजे एक्स्टेंशन्स, बंद. चाचणीची टॅब समोर उघडी, कारण मागे ढकललेल्या टॅबचा वेग ब्राउझर मुद्दाम कमी करतो. अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबायचं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, बॅटरी बचतीचा पर्याय काढून. आणि तीनपैकी सर्वांत चांगला आकडा मिरवायचा नाही, मधला धरायचा. रक्तदाबही आम्ही एकदा मोजून कुणाला जन्माची गोळी चालू करत नाही.

बारापैकी सात संगणक ठणठणीत निघाले. तीन धुळीचे बळी. दोन मात्र तिन्ही फेऱ्यांत तीनच्या आसपास, न चढता न उतरता; त्यांचा प्रोसेसरच मुळात कमकुवत आणि सगळ्यांत जुना. ठणठणीत सातांपैकी एक तर चाचणीत पहिला आला, पण सकाळी सुरू व्हायला त्याला पाच मिनिटं लागायची. त्याची मेमरी अपुरी होती आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती. चाचणी एकदा सुरू झाली की तिला डिस्कची फारशी गरज लागत नाही, म्हणून तो सुटून गेला. ईसीजी नॉर्मल आणि माणूस ॲनिमियाने पांढराफटक, असा तो प्रकार.

वाचकांपैकी कुणी ही चाचणी मोबाइलवर घेणार असेल तर एक सांगतो. मोबाइलला पंखा नसतो. जाड कव्हरमध्ये, चार्जिंगला लावून, एप्रिलच्या दुपारी घेतलेला तिसरा आकडा पाहून नवा फोन घ्यायला निघू नका. आणि चाचणीच्या पानाऐवजी ‘तुमचा संगणक मंद झाला आहे, दुरुस्तीसाठी इथे दाबा’ असं लाल अक्षरांत ओरडणारं पान उघडलं, तर ते तसंच बंद करा. नाडी न बघता निदान सांगणारे वैदू आमच्याही क्षेत्रात कमी नाहीत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रामाणिक चाचणीला काहीही डाउनलोड करून चालवावं लागत नाही, तुमचं नाव किंवा नंबर लागत नाही. वेबपानाला प्रोसेसरचं तापमानही वाचता येत नाही, म्हणून ‘तुमचा प्रोसेसर ९८ अंशांवर आहे’ असं एखादं पान सांगत असेल तर ते थाप मारतंय.

वेबपानाला यंत्राच्या आत फार डोकावता येत नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ या नावांनी प्रोसेसरमधल्या काही त्रुटी जाहीर झाल्या. प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, आणि एखादं काम किती सूक्ष्म वेळात झालं हे मोजून चोराला त्यातून गुपितं काढता येतात, असं दिसून आलं. एखादं वेबपानसुद्धा हे करू शकेल अशी भीती होती. उपाय म्हणून ब्राउझरांनी वेबपानांना दिलेलं घड्याळच थोडं मुद्दाम जाडंभरडं केलं. क्रोममध्ये ते पूर्वी ५ मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक होतं, ते १०० मायक्रोसेकंदांवर आणलं गेलं. त्यामुळे ब्राउझरमधल्या चाचणीला एखादं इवलंसं काम एकदाच करून वेळ मोजता येत नाही. तेच काम शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. नाडी दोन सेकंद मोजून तिसाने गुणण्यापेक्षा पूर्ण मिनिट मोजावी, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट सांगायची तर, चाचणी प्रसिद्ध झाली की तिचा अभ्यास करून पास होणारे निघतात. गूगलने २०१२ साली ‘ऑक्टेन’ नावाची चाचणी काढली होती. सगळ्या ब्राउझरांनी तिच्यात गुण मिळवण्यासाठी इतकी मेहनत घेतली, की ऑक्टेनचा आकडा वाढायचा पण खऱ्या पानांना त्याचा उपयोग व्हायचा नाही, काही वेळा उलट त्रासच व्हायचा. शेवटी २०१७ साली गूगलनेच ती निवृत्त केली. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड सोडून उपाशी साखर छान आणणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी आहे. संगणकवाल्यांना दर काही वर्षांनी नवी चाचणी काढावी लागते.

तर यंत्र साफ झालं, आकडा आठवर आला. पुढच्या सोमवारी मी मोठ्या उत्साहाने पहिल्या रुग्णाच्या नावावर क्लिक केलं. गोल चक्र फिरू लागलं.

खोटं कशाला सांगू, मला रागच आला. निवासी डॉक्टर मात्र शांत होती. तिने ब्राउझरमध्येच दडलेला एक तक्ता उघडून दाखवला. पानाची कोणती गोष्ट कधी मागितली, कधी आली, हे त्यात पट्ट्यांनी दिसतं. रुग्णाची माहिती यायला ११ सेकंद लागले होते. त्यातले ९हून अधिक सेकंद आमचा संगणक काहीच करत नव्हता. तो पलीकडच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत होता. स्पीडोमीटरला हे कळणं शक्यच नव्हतं. ती आपलं सगळं सामान सुरुवातीलाच उतरवून घेते आणि मग दारं लावून चाचणी घेते. दुपारी तीनला, गर्दी ओसरल्यावर, तोच रुग्ण उघडून पाहिला. दोन सेकंदांच्या आत. सकाळी दहा ते एक सगळे विभाग एकाच वेळी एकाच खिडकीशी उभे असतात, हा तो आजार. बारा नवे संगणक आले असते तरी ते अकरापैकी नऊ सेकंद त्याच रांगेत उभे राहिले असते, फक्त नवे कोरे.

अकरा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. माणसाला एखादी क्रिया लगेच झाली असं वाटायला ती साधारण ०.१ सेकंदात व्हावी लागते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. संगणकाच्या क्षेत्रात हे आकडे १९६८पासून सांगितले जातात. ओपीडीत दुसरीकडे जाणारं लक्ष म्हणजे समोर बसलेल्या माणसाकडून उठून पडद्यावर गेलेलं लक्ष. त्या अकरा सेकंदांत आजी आणखी काही सांगणार होत्या का? रात्री झोपताना दोन उशा घ्याव्या लागतात, हे त्यांनी मला उठता उठता सांगितलं, मी रिपोर्टचा नाद सोडून पाठीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा. निदान त्या दोन उशांतच होतं. हृदयाची पंपाची ताकद कमी झाली होती; पुढे इकोमध्ये ते दिसलं.

प्रस्तावावरची सही मी मागे घेतली. बाराऐवजी दोन नवे संगणक, एका संगणकासाठी मेमरी आणि नवी डिस्क, बाकीच्यांची वर्षातून दोनदा सफाई, असा नवा कागद केला. वाचलेल्या रकमेतून स्पायरोमीटर यावं अशी सोबत विनंती जोडली. सर्व्हरच्या गर्दीबद्दल त्या तक्त्याची छापील प्रत लावून वेगळं पत्र लिहिलं. कार्यालयातले बाबू म्हणाले, “साहेब, लोक वाढवून मागतात, तुम्ही कमी करून मागताय, ह्याला नमुना कुठला लावू?” स्पायरोमीटर फेब्रुवारीत आलं. सर्व्हरचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तोवर आम्ही दुपारी तीननंतर दुसऱ्या दिवशीच्या ठरलेल्या रुग्णांचे रिपोर्ट आधीच उघडून छापून ठेवतो. कागद जास्त लागतो, हे मान्य.

आजी दर महिन्याला येतात. आता एक मजला न थांबता चढतात. माझ्या ओपीडीच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी बारा संगणकांचे आकडे तारखेसह लिहून ठेवले आहेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घेतो. परवाच्या शनिवारी माझ्या टेबलावरच्या यंत्राने तिसऱ्या फेरीत ७.३ दाखवले. मामांना सांगितलंय, एकदा मागची जाळी बघून जा म्हणून.